नेव्हीतल्या पोराच्या हाती रायफल कधी येते, आन् काहून?

वणाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. गावातली पोरं फौजेत गेली, एसआरपीत गेली, पोलिसात तर दर भरतीला जातात. नेव्हीत मात्र माझा पुतण्या पहिलाच. अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावीनंतरची नाविक भरती. ओडिशातल्या चिल्का इथल्या नौदल केंद्राचं ट्रेनिंग आटोपून आता जहाजावर आहे. मागल्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता सांगून गेला, "काका, आज रात्री गँगवेवर रायफल घेऊन ड्यूटी आहे." वहिनीनं तेवढंच ऐकलं. त्या रात्री घरात कोणी धड जेवलं नाही. "जहाजावर मशिनीचं काम आहे म्हणत होता, मंग बंदूक काहून देल्ली? लढाई लागली काय?" असं दोन दिवस चालू आहे. पारावरही सगळे विचारून रायले आन् जो तो आपापल्या मनानं उत्तर देऊन रायला.

मला खरंच समजून घ्यायचं आहे. नेव्हीच्या शिपायाजवळ बंदूक कायम असते का? नसेल तर कधी देतात? आन् समोर कोणी आलाच तर गोळी चालवायची की नाही, हे त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं ठरवायचं का? ज्यांनी नोकरी केली आहे त्यांनी सांगावं, ऐकीव नको. घरी वाचून दाखवायचं आहे.

पऱ्हाटीवाला

पुतण्याचं अभिनंदन भाऊ. आमच्या देवळीकडचेही दोघं तयारी करून रायले. वाचतो.

दर्यावरचा वऱ्हाडी

वणाकाठ भाऊ, पहिले वहिनींना सांगजा की पोरगा बंदरात सुखरूप आहे, म्हणूनच त्याच्या हाती रायफल आली. ऐकायला उलटं वाटेल, पण जहाजावर असंच असतं. मी नौदलात पूर्ण नोकरी करून आता अकोट तालुक्यात संत्र्याची बाग पाहतो. अशी गँगवे ड्यूटी मी भरपूर केली आहे.

जहाज खोल समुद्रात असलं की परका माणूस त्याच्याजवळ पोचतच नाही. रडारवर बोट कित्येक किलोमीटर आधी दिसते. तिथं जहाज स्वतःच शस्त्र असतं. 76 मिलिमीटरची तोफ असते, सहा नळ्यांची 30 मिलिमीटरची एके-630 असते, मोठ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं असतात. हे सगळं ऑपरेशन्स रूममधून चालतं. इंजिन रूममध्ये तेलानं माखलेला पोरगा, रडारसमोर बसलेला, गॅलीत शेकडो लोकांच्या पोळ्या करणारा, यांच्यापैकी कोणाच्याच अंगावर हत्यार नसतं. रायफली आर्मरीत, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, कुलपाआड. चहूकडून लोखंडी भिंती, पायाखाली इंधनाच्या टाक्या, शेजारच्या खोलीत दारूगोळा. अशा ठिकाणी चुकून सुटलेली एक गोळी कुठं आदळून कुठं जाईल याचा नेम नाही. जहाजावर खरी भीती आगीची आणि पाणी शिरण्याची, म्हणून प्रत्येकाला आग विझवणं आणि भगदाड बुजवणं घटवून घेतात.

जहाज जेट्टीला लागलं की चित्र बदलतं. इंजिन बंद, अर्धे लोक सुट्टीवर किंवा गावात. डॉकयार्डचे कामगार येतात, ठेकेदाराची माणसं येतात, रेशनची गाडी येते, कोणाचे पाहुणे येतात. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला उघडं पाणी. अशा वेळी जहाजावर चढायच्या शिडीपाशी, म्हणजे गँगवेवर, एक हत्यारी पहारेकरी उभा करतात. वरच्या डेकवर पाण्याकडे नजर ठेवणारेही असतात. तुमच्या पुतण्याची ड्यूटी हीच. त्याचा पेशा मशिनीचा असो की स्वयंपाकाचा, ड्यूटी वॉचमध्ये, म्हणजे पाळीच्या तुकडीत, नाव आलं की पहारा येतो. चिल्क्याला सगळ्यांना गोळीबार शिकवतात तो यासाठीच.

जहाजाचं नाव तुम्ही लिहिलं नाही हे बरं केलं. पुढंही लिहू नका. पहारेकरी किती, बदली किती वाजता, रायफल भरलेली की रिकामी, हे मीही इथं सांगणार नाही.

वणाकाठ

दादा, लय उपकार. वहिनीला रात्रीच वाचून दाखवलं. आता तिचा प्रश्न असा, की ड्यूटी संपल्यावर ती बंदूक तो झोपताना जवळ ठेवतो काय? सुट्टीत गावाला घेऊन येईल काय?

पऱ्हाटीवाला

माझ्या समजुतीप्रमाणं ते आपल्या पीक संरक्षणाच्या बंदुकीसारखं असावं. रोही आन् रानडुकरांसाठी लायसन घेतलं, बंदूक घरी, आन् निवडणूक लागली की ठाण्यात जमा.

दर्यावरचा वऱ्हाडी

नाही भाऊ, इथं मोठा फरक आहे. पीक संरक्षणाची बंदूक तुमच्या मालकीची, लायसन तुमच्या नावाचं. नौसैनिकाच्या हातातली रायफल एक दिवसही त्याची नसते. ती पहाऱ्याच्या जागेची असते. माणसं बदलत राहतात, जागा तीच.

चालतं कसं ते सांगतो. ड्यूटी सुरू व्हायच्या आधी पोरगा आर्मरीत जातो. रायफलीचा नंबर वाचून रजिस्टरवर सही करतो. काडतुसं एकेक मोजून घेतो. देणारा मोजतो, घेणाराही मोजतो. पहारा संपला की ठरलेल्या जागी, नळी सुरक्षित दिशेला धरून, रायफल रिकामी करून दाखवायची, चेंबर रिकामं आहे हे दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहायचं, मग मोजणी करून परत. एक काडतूस कमी भरलं तर ते सापडेपर्यंत सगळं थांबतं. रेंजवर सराव झाला तरी पितळी पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागतात. खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो, म्हणून नळीतून चिंदी ओढून तेलपाणी करणं हाही रोजच्या कामाचा भाग.

सुट्टीवर येताना त्याच्याजवळ ओळखपत्र, कपडे आणि बहिणीसाठी घेतलेल्या वस्तू असतील. बंदूक नसेल. परदेशी बंदरात जहाज लागतं तेव्हा नौसैनिक फिरायला बाहेर पडतात, तेही रिकाम्या हातांनी. युद्धनौका कुठल्याही देशात असो, ती आपल्या देशाचीच राहते, तिच्या आत आपला पहारा चालतो. पण जेट्टीच्या फाटकाबाहेर त्या देशाचे पोलीस आणि त्यांचा कायदा.

तालुका कोर्ट

कायद्याचं थोडं. 1959 च्या शस्त्र अधिनियमात कलम 45 आहे. समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या नेहमीच्या शस्त्रसामग्रीत मोडणारी हत्यारं, तसंच सरकारी सेवकानं कर्तव्य बजावताना बाळगलेलं हत्यार, यांना परवान्याची अट लागू होत नाही. 'कर्तव्य बजावताना' हे महत्त्वाचं. ड्यूटी संपली की ती सूटही संपली. नौसैनिकाला खासगी बंदूक हवी असेल तर तुमच्याआमच्यासारखाच परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

इंद्रावती

मी गडचिरोलीतून, भामरागडच्या बाजूची. आमच्याकडं बाजाराच्या दिवशीही हत्यारी जवान दिसतात. सी-60 चे, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे, जवान जंगलात निघाले की एके-47 खांद्यावरून उतरत नाही. जेवतानाही हाताशी. म्हणून मला प्रश्न पडला, की वर्दी घालणाऱ्या एका माणसाला चोवीस तास बंदूक लागते आणि दुसऱ्याला कुलपात ठेवता येते, असं कसं?

दर्यावरचा वऱ्हाडी

ताई, चांगलं विचारलंत. धोका किती जवळून येऊ शकतो, त्यावर ते ठरतं. जंगलात समोरचा झाडामागून निघतो, मधे दहा पावलं असतात. समुद्रात धोका दुरून येतो आणि त्याला थोपवायचं काम तोफेचं असतं. पण जिथं अंतर कमी होतं तिथं नौसैनिकाच्या हातीही रायफल येते. बंदराचं सांगितलंच. अरुंद सामुद्रधुनीतून किंवा छोट्या होड्यांच्या गर्दीतून जहाज जात असेल तर वरच्या डेकवर मशीनगनवर माणसं बसतात. आणि संशयित जहाजावर चढून तपासणी करायची असेल तेव्हा जी तुकडी छोट्या बोटीतून जाते ती पूर्ण हत्यारी असते. शिडीनं दुसऱ्याच्या जहाजावर चढायचं, वर कोण आहे माहीत नाही. हे सगळ्यात जोखमीचं काम.

मरीन कमांडो, म्हणजे मार्कोस, हे वेगळे. 1987 मध्ये ते दल उभं राहिलं, त्यांचं कामच हत्यारानं करायचं. टीव्हीवर नौसेना दिनाला दिसतात ते बहुतेक तेच, त्यामुळं गावात वाटतं की नेव्हीतला प्रत्येक जण तसाच असतो.

पुलगाव फाटा

पहाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. बंदरातल्या तळांवर, भांडारांवर, फाटकांवर डीएससीचे जवान असतात, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. त्यात बरेचसे फौजेतून निवृत्त होऊन पुन्हा भरती झालेले. आमच्या पुलगावच्या दारूगोळा भांडारातही तेच पहारा देतात. 30-31 मे 2016 च्या रात्री भांडारात आग लागली तेव्हा लष्करी अधिकारी, आग विझवणारे आणि डीएससीचे जवान गेले. त्या रात्री आजूबाजूच्या गावांतली माणसं लेकरं घेऊन बाहेर निघाली होती. दारूगोळ्याजवळ राहणाऱ्यांना विचारा, हत्यार मोजून का देतात आणि कुलपात का ठेवतात.

दर्यावरचा वऱ्हाडी

पुलगाव फाटा, तुमचं म्हणणं पटतं. आमच्याकडं 14 ऑगस्ट 2013 ला मुंबई बंदरात आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले. 18 जण आत होते, एकही वाचला नाही. जहाज मोठ्या दुरुस्तीला गोदीत जायचं असेल तर आधी दारूगोळा उतरवतात, तो याच भीतीनं.

इतिहासाचे मास्तर

मला एक शंका आहे. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरून नाविकांचं बंड सुरू झालं. 21 तारखेला कॅसल बॅरक्समध्ये नाविकांनी हत्यारं हाती घेतली आणि वेढा घातलेल्या लष्कराशी गोळीबार झाला. आर्मरी कुलपात ठेवायची, शिपायाला रोज बंदूक द्यायची नाही, ही सवय इंग्रजांच्या त्या अविश्वासातून तर आली नाही ना? स्वतंत्र देशानं आपल्या पोरांवर अविश्वास का दाखवावा?

दर्यावरचा वऱ्हाडी

मास्तर, त्या नाविकांबद्दल मला फार आदर आहे. पण कुलपाचं कारण ते नाही. जगातलं प्रत्येक नौदल असंच करतं. अमेरिकेत तर घरोघरी बंदुका, तरी त्यांच्या जहाजांवरही आर्मरीला कुलूपच असतं. आणि काळजी किती घ्यावी लागते हे त्यांच्याकडेच दिसलं. 4 डिसेंबर 2019 ला पर्ल हार्बरच्या गोदीत, पाणबुडीवर पहारा देणाऱ्या त्यांच्याच एका नौसैनिकानं ड्यूटीच्या हत्यारानं तीन कामगारांवर गोळ्या झाडल्या. दोघं मेले, मग त्यानं स्वतःला संपवलं. हत्यार पहाऱ्यासाठीच दिलं होतं. म्हणून हत्यार देण्याआधी पोरगा झोपला आहे का, घरून काही वाईट बातमी आली आहे का, गुमसुम आहे का, हे त्याच्या वरच्यानं पाहायचं असतं. वणाकाठ भाऊ, फोनवर त्याला घरची भांडणं, कर्जाचं टेन्शन पहाऱ्याच्या आधी सांगू नका. हे मी मनापासून सांगतो.

याची दुसरी बाजूही आहे. 12 ऑक्टोबर 2000 ला येमेनच्या एडन बंदरात अमेरिकेची यूएसएस कोल नावाची विनाशिका तेल भरत होती. एक छोटी बोट शांतपणे जवळ आली, आतल्या माणसांनी हातही हलवले म्हणतात, आणि स्फोट झाला. 17 नौसैनिक गेले. पहारा होता, हत्यारं होती, पण आधी आपल्यावर गोळी चालल्याशिवाय चालवायची नाही अशा नियमांत माणसं बांधलेली होती. त्यानंतर सगळ्या जगात बंदरातल्या पहाऱ्याची पद्धत बदलली. आपल्याकडं 26 नोव्हेंबर 2008 झालं. ते दहा जण 'कुबेर' नावाची मासेमारी बोट पळवून आले आणि मुंबईत मच्छिमार नगरपाशी रबरी होडीतून उतरले. 2009 मध्ये किनारपट्टीसकट सगळ्या सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडं आली आणि तळांच्या, बंदरांच्या रक्षणासाठी सागर प्रहरी बल उभं केलं. त्यांच्या वेगवान बोटींवर मशीनगन असतात. पुतण्या रात्री ज्या पाण्याकडं पाहत उभा असतो, त्या पाण्यातून काय येऊ शकतं हे आपण पाहिलेलं आहे.

पूर्णाकाठची

सगळं वाचलं. माहिती छान आहे, पण मला एक गोष्ट टोचते. हत्यार हाती असलं की गोळी चुकीच्या माणसाला लागू शकते, आणि तो माणूस बहुधा गरीबच असतो. 15 फेब्रुवारी 2012 ला केरळच्या समुद्रात एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून आपल्या दोन मच्छिमारांना मारलं. 2021 मध्ये 10 कोटी रुपये भरपाई घेऊन सुप्रीम कोर्टात प्रकरण मिटलं. ऑक्टोबर 2022 मध्ये भारत-श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत तर आपल्याच नौदलाच्या गोळीबारात तमिळनाडूचा मच्छिमार जखमी झाला. आता अग्निवीराचं ट्रेनिंग सुमारे 16 आठवड्यांचं. इतक्या कमी दिवसांत पोराला गोळी चालवणं शिकवता येईल, पण ती न चालवणं शिकवता येतं का?

दर्यावरचा वऱ्हाडी

ताई, तुम्ही सगळ्यात अवघड जागी बोट ठेवलं. त्या मच्छिमारांचं दुःख कोणत्याही नियमानं भरून निघत नाही. पाल्कच्या वेळी नौदलाचं म्हणणं होतं की इशारे देऊनही बोट थांबली नाही. तरी माणूस जखमी झाला तो आपलाच.

पहाऱ्यावरच्या नव्या पोराला सोडून देत नाहीत. चिल्क्यानंतर त्याच्या शाखेचं शिक्षण होतं, जहाजावर जुना माणूस बरोबर असतो, वर ड्यूटी ऑफिसर असतो. आधी आवाज देऊन थांबवायचं, ओळख विचारायची, गजर करायचा. समुद्रात परकी बोट असेल तर रेडिओवर चॅनल 16 वर हाक, मग भोंगा, दिवे, मग तिच्या पुढं पाण्यात इशाऱ्याची गोळी. पुढचा हुकूम जहाजाच्या कॅप्टनचा. स्वतःच्या किंवा सोबत्याच्या जिवावर आलं तर बचावाचा हक्क आहेच, पण तोही गरजेपुरता.

न चालवणं शिकवता येतं, याचा दाखला देतो. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे मालवाहू जहाज आयएनएस कोलकातानं अडवलं, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर. चाच्यांनी आपला ड्रोन पाडला, युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या. कोलकाताच्या तोफांपुढं ते जहाज काही मिनिटंही टिकलं नसतं. पण आत 17 खलाशी ओलीस होते. आपल्या लोकांनी त्या जहाजाची दिशा फिरवायची यंत्रणा निकामी केली, सी-17 विमानातून मार्कोस उतरवले आणि दबाव वाढवत वाट पाहिली. 40 तासांनी 35 चाचे शरण आले, 17 खलाशी धडधाकट सुटले. इतके तास बोट घोड्याजवळ ठेवून घोडा न दाबणं सोपं नसतं ताई.

पूर्णाकाठची

मान्य. तरी माझं मत असं की पहाऱ्यावर जाणाऱ्या पोरांना मच्छिमार वस्तीत नेऊन त्यांच्या बोटी, जाळी, रात्रीचं काम दाखवलं पाहिजे. ओळखीच्या माणसावर संशय कमी जातो.

इंद्रावती

ह्याला माझं अनुमोदन. आमच्याकडं हे फार जवळून कळतं.

पऱ्हाटीवाला

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या जहाजावर बंदुकवाले गार्ड चढतात म्हणे. ते नेव्हीचे असतात काय?

तालुका कोर्ट

नाही. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांची नोकरी, तिथले खलाशी हत्यार बाळगत नाहीत. एडनच्या आखाताकडे जाताना काही कंपन्या खासगी हत्यारी गार्ड घेतात. त्यांना कलम 45 चं कवच आपोआप मिळत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये तुतिकोरिनजवळ सीमन गार्ड ओहायो नावाचं असंच गार्डांचं जहाज पकडलं होतं, 35 जण. 2016 मध्ये पाच पाच वर्षांची शिक्षा झाली, 2017 मध्ये मद्रास हायकोर्टानं निर्दोष सोडलं. मधली वर्षं गेली ती गेलीच. भाच्याला सांगा, दुसऱ्याचं हत्यार गंमत म्हणूनही हातात घेऊन फोटो काढू नको.

वणाकाठ

फोटोवरून आठवलं. पुतण्यानं परेडचा संगीन लावलेल्या रायफलीचा फोटो पाठवला होता, तो वहिनीनं फ्रेम करायला टाकला आहे. त्यात गोळ्या असतात का?

दर्यावरचा वऱ्हाडी

परेडच्या आणि सलामीच्या रायफलीत जिवंत काडतूस नसतं. गावात जवानाच्या अंत्यविधीला हवेत तीन फैरी झाडतात, त्याही आवाजाच्या, गोळी नसलेल्या. फ्रेम बिनधास्त लावा. आणि पुरात नौदलाच्या तुकड्या येतात, जशा 2019 ला सांगली-कोल्हापूरला आल्या होत्या, तेव्हा बोटी, दोर आणि पाणबुडे येतात. तिथं बंदुकीचं काम नाही.

बोरीची

मी बारावीला आहे, यवतमाळ जिल्हा. मुलींनाही हा पहारा देतात का? की ऑफिसातच बसवतात?

दर्यावरचा वऱ्हाडी

बेटा, अग्निवीरांची पहिली तुकडी 28 मार्च 2023 ला चिल्क्यातून बाहेर पडली, त्यात 270 हून जास्त मुली होत्या. ट्रेनिंग एकच, रेंज एकच, गोळीबारही तोच. कॉलेजात एनसीसी असेल तर घे, तिथं .22 रायफलीवर नळी कुठं धरायची ही पहिली शिस्त लागते. पण रायफलीची काळजी करू नको, ती ते शिकवतात. पोहता येते का ते सांग. आपल्याकडच्या पोरांची तिथं पहिल्या महिन्यात दमछाक होते ती पाण्यातच.

बोरीची

विहिरीत येते, मामानं शिकवलं. तलावात कधी गेले नाही.

दर्यावरचा वऱ्हाडी

मग उन्हाळ्यात मामाला घेऊन तलावात जा. एकटी जाऊ नको. आधी न थांबता 50 मीटर, मग पाण्यात एका जागी तरंगत राहणं. बाकीचं फॉर्म निघाला की इथं विचार.